एक वेळच्या जेवणावर खो-खो

असरनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत पोरं फुटबॉल घेऊन उतरतात. कुणाच्या पाठीवर सालाहचं नाव, कुणाच्या रोनाल्डोचं. गरिबाघरचा मुलगा फुटबॉल खेळून करोडपती झाला, असे किस्से त्यांना तोंडपाठ आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेचं नाव विचारलं, तर मात्र दोघांतिघांनाच माहीत होतं.

सारिका धाराशिवची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं कमावता येत नसे. आई शिवणकाम करायची, आणि घर चालायचं ते मुख्यतः आजी-आजोबांच्या मिळकतीवर. तेराव्या वर्षी मामा तिला मैदानावर घेऊन गेले आणि तिथून खो-खो सुरू झाला. पुढे अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने स्वतःच सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं आपण एक वेळच्या जेवणावर काढली. शिबिर किंवा स्पर्धा असली की मात्र पोटभर मिळायचं.

हे वाचून आम्ही थबकलो. खो-खो वरवर साधा दिसतो. आठ जणी पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी धावणारी. पण धावणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. बचाव करणारीला मात्र कुठूनही निसटता येतं. अचानक थांबणं, वळणं, सूर मारणं, पुन्हा उठून पळणं, यात सारा दम निघतो. भरल्या पोटीही हे सोपं नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार सारिका होती. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की खेळ सोडायचं ठरवून बसली होती. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. आम्हाला यात आजीचं मोल फार वाटतं. घरात चूल पेटवायची चिंता असताना "आता पुरे कर पोरी" म्हणणं किती सोपं होतं!

२०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. तोवर सारिका तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारी झाली होती आणि घराला आधार आला होता तो या नोकरीने. फुटबॉलपटूला क्लब पगार देतो. खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली तीच २०२२ मध्ये, पुण्याच्या बालेवाडीत, आणि तीही पुरुषांची. सारिकाच्या उमेदीच्या वर्षांत खेळून पोट भरण्याची सोयच नव्हती.

आमच्या वाचक भगिनींपैकी काहींच्या मनात आलंच असेल: हे ठीक, पण आपल्या घरातल्या मुलींचं काय? त्यांना नसरीन शेखचं नाव सांगावंसं वाटतं. ती दिल्लीची. वडील रस्त्यावर भांडी विकायचे, घरात भावंडं पुष्कळ. लॉकडाऊनमध्ये त्यांचा धंदा बसला आणि घरात रेशनचीही चणचण झाली. ही मुलगी तोवर भारताची कर्णधार होऊन २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन आली होती! २०२३ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. वडिलांनी तिला मैदानावर जाऊ दिलं, तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यात पोरं फुटबॉल खेळतात, तेव्हा मुली उंबऱ्यात उभ्या राहून बघतात. खो-खोला ना महागडे बूट लागतात, ना मोठं मैदान. दोन खांब रोवायचे आणि चुन्याने रेषा आखायच्या. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारलं, तर संघ कुठे सराव करतो ते कळतं.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. त्या संघात नसरीन होती, आणि आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदेही.