पकड घट्ट, तरी जॉब वाकडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहून मला दोन वर्षं झाली होती. एका पंपाचा गनमेटलचा बुश करायचा होता. बोअर 60 मिलिमीटर, भिंत जेमतेम 3 मिलिमीटर. जॉब सुटू नये म्हणून चकाची चावी मी अंगातला सगळा जोर लावून आवळली. बोअर मारलं, बुश काढून आतलं माप घेणाऱ्या मायक्रोमीटरनं चार बाजूंनी मापलं. चारही मापं एकच आली. खुशीत बुश शाफ्टवर सरकवला, तर तो अर्ध्यातच अडकला.

मिस्त्रींनी शाफ्टला पातळ निळा रंग लावला, बुश जाईल तितका चढवून जरासा फिरवला आणि काढून माझ्यासमोर धरला. आत तीनच ठिकाणी निळं लागलं होतं, सारख्या अंतरावर. "आता जॉ कुठं होते ते दाखव," ते म्हणाले. बाहेरून जॉचे, म्हणजे चकाच्या जबड्यांचे, वळ दिसतच होते. निळे डाग बरोबर दोन वळांच्या मधोमध होते.

मग उलगडा झाला. आवळताना तीन जॉंनी पातळ भिंत तीन ठिकाणी आत दाबली होती. त्या दाबलेल्या अवस्थेत मी गोल बोअर मारलं. चक सैल होताच दाबलेल्या जागा पुन्हा बाहेर गेल्या आणि गोलाचा तिकोना झाला. मायक्रोमीटरला तो कळला नाही, कारण प्रत्येक फुगलेल्या जागेसमोर बसकी जागा येते. एकीकडे जितकं वाढतं तितकंच समोर घटतं आणि माप तेच राहतं.

चकाचं काम आहे जॉब धरणं आणि तो स्वतःच्या मध्यावर फिरवणं. तीन जॉच्या चकात आत एक चकती असते. तिच्या तोंडावर जिलबीच्या वेढ्यासारखी, सारख्या अंतरानं बाहेर जाणारी सर्पिल खाच असते. चावी फिरली की चकती फिरते आणि तिन्ही जॉ एकदमच, सारखेच सरकतात. म्हणून जॉब आपोआप मध्यावर येतो. पण ती खाच झिजते आणि जॉची तोंडंही झिजतात. चांगल्या चकातही जॉब पाच ते दहा शतांश मिलिमीटर डुलतो. माणसाचा केस साधारण सात शतांशाचा असतो, यावरून अंदाज करा. म्हणून जॉब एकदा काढून परत धरला, की आधीचा मध्य गेला असंच समजावं. बोअर, बाहेरचा व्यास आणि फेसिंग, सगळं एकाच पकडीत उरकलं तर ते आपापसात खरं राहतं.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिला आठवडा मी चक पुसायलाच लावतो. जॉ काढायचे, चकतीच्या खाचेतला लोखंडाचा कीस ब्रशनं काढायचा, जॉवरचा नंबर आणि तो ज्या गाळ्यात बसतो त्यावरचा नंबर जुळवून एक, दोन, तीन याच क्रमानं परत बसवायचे. जॉखाली अडकलेला किसाचा एक कण सगळी मेहनत वाया घालवतो. चकाला चावीची तीन भोकं असतात. तिन्हींतून आवळून डुलणं मोजणारा डायल लावून बघावं, ज्या भोकानं जॉब सर्वांत कमी डुलतो त्यावर पंचनं खूण करावी आणि शेवटची आवळणी कायम तिथूनच द्यावी. चावी मात्र हातातून सोडायच्या आधी चकातून निघालीच पाहिजे. चावी तशीच राहून मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी सुटते.

खरा मध्य हवा असेल, तर चार जॉचा चक. त्यात प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकतो. डायलचं टोक जॉबवर टेकवून चक हातानं फिरवायचा. एका जॉसमोर काटा 10 वर आणि समोरच्या जॉजवळ 50 वर आला, तर फरक 40 शतांशांचा. जॉब मात्र त्याच्या निम्मा, म्हणजे 20 शतांश सरकलेला असतो. काटा जास्त दाखवतो त्याच्या समोरचा जॉ थोडा सैल करायचा, मग जास्तवाला आवळायचा. ही जोडी जुळली की दुसरी. सवय झाली की पाच मिनिटांत काटा जागचा हलत नाही.

तसलाच पातळ बुश आजही येतो. आता मी नरम लोखंडाचे जॉ लावतो. त्यांच्यात आधी एक कडं आवळून धरतो, म्हणजे चकातली ढिलाई निघते, आणि मग जॉची तोंडं बुशाच्या बाहेरच्या मापाला कापतो. टोकांऐवजी बुशाला सगळीकडून कवेत घेणारी पकड मिळते, आणि चावीला जोर बेताचा पुरतो. शेवटी शाफ्टला निळा लावून बघतो. रंग आत सगळीकडे सारखा पसरला, तरच बुश गिऱ्हाइकाच्या हातात देतो.