थिटेवाडीच्या पाण्यावर कोडियाक

९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रावर एक विमान उतरलं आणि पाण्यावरूनच पुन्हा उडालं. स्पाइसजेटने जपानच्या सेतोउची होल्डिंग्जला बरोबर घेऊन केलेली ती चाचणी होती. विमान होतं क्वेस्ट कंपनीचं कोडियाक १००. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हजर होते आणि अशी शंभराहून अधिक विमानं घेण्याचा विचार कंपनीने बोलून दाखवला होता. त्याआधी ऑगस्ट २०१४मध्ये मेहएअर या कंपनीने जुहू ते लोणावळ्याजवळचं पवना धरण अशी सीप्लेन सेवा सुरू केली होती. ती टिकली नाही. चौपाटीवरच्या चाचणीतूनही मुंबईला नियमित सेवा मिळाली नाही. गुजरातेत साबरमती ते केवडिया ही सेवा ३१ ऑक्टोबर २०२०ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी थांबली.

पाण्यावरचं विमान आपल्याकडे नवं नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना शिंद्यांच्या ग्वाल्हेरात माधव सागरावर उतरत. तरीही मराठी मुलांना सीप्लेन म्हटलं की बातमीतला फोटो एवढंच आठवतं. ते पाणी कसं सोडतं, हे कोणी जवळून दाखवलेलंच नसतं. मोठं विमान परवडायचं तेव्हा परवडेल. त्याची प्रमाणबद्ध, रिमोटवर उडणारी प्रतिकृती मात्र शिरूर तालुक्यातल्या केंदूरसारख्या गावातही बांधता येते, आणि तिच्यातून पाणी आणि हवा या दोन्हींचं शास्त्र हाताला लागतं.

केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचं गाव. पर्जन्यछायेतला, पाण्यासाठी झगडणारा हा भाग आहे. गावच्या हद्दीत वेळ नदीवर थिटेवाडीचा बंधारा आहे. पाऊस चांगला झाला की गणपतीपासून संक्रांतीपर्यंत तिथे मोकळं पाणी असतं. पाऊस रुसला की तळ दिसतो. शेजारच्या पाबळला १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२मध्ये याच आश्रमात आली. लेझर कटर आणि थ्री-डी प्रिंटर ही यंत्रं पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत रुळण्याच्या कितीतरी आधी पाबळच्या मुलांना फॅब लॅब माहीत होती. पाणी केंदूरला, कार्यशाळा पाबळला आणि मोटर, बॅटरी, सर्वो मिळण्याचं ठिकाण पुणं. ही सोय फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

आता प्रतिकृती कशाची करायची? गिरगावच्या पाण्यावर उतरलेलं कोडियाकच घेऊ. मूळ विमानाचा पंखविस्तार ४५ फूट म्हणजे १३.७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २२.३ चौरस मीटर आणि उड्डाणाचं कमाल वजन ३,२९० किलो. आठव्या हिश्श्याचं मॉडेल करायचं तर पंख १.७१ मीटरचा होतो. क्षेत्रफळ मात्र आठाच्या वर्गाने, म्हणजे ६४ पटीने घटतं, आणि वजन घनाने, म्हणजे ५१२ पटीने. म्हणजे हिशोबाने मॉडेल ६.४ किलोचं यायला हवं.

इथेच नवखा माणूस फसतो. सगळं आठव्या हिश्श्यात आणता येतं. हवा आणि पाणी आणता येत नाही. छोट्या पंखावरून वाहणारी हवा तुलनेने दाट, चिकट वागते आणि पंखाची उचलण्याची क्षमता घटते. मूळ कोडियाक ताशी १११ किलोमीटरच्या आसपास वेगाखाली गेलं की पंख हवा सोडतो, म्हणजे विमान पेलून धरू शकत नाही. ६.४ किलोच्या मॉडेलसाठी हा वेग कागदावर ताशी ३९ किलोमीटर येतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. बंधाऱ्याच्या पाण्यावर एवढ्या वेगाने उतरणं म्हणजे विमान तरंगतं ठेवणारे फ्लोट फुटण्याला आमंत्रण. म्हणून जाणकार वजन निम्म्यावर, ३.२ किलोपर्यंत आणतात. मग हाच आकडा ताशी २८ किलोमीटरवर येतो आणि उडवणाऱ्याला विचार करायला उसंत मिळते. लाटेचंही तसंच. बंधाऱ्यावर वाऱ्याने उठलेली पाच सेंटिमीटरची लहर या मॉडेलला मूळ विमानाच्या चाळीस सेंटिमीटरच्या लाटेसारखी लागते. उडवायचं ते सकाळी, वारा पडलेला असताना.

या सगळ्या बांधकामात माझं मन रमतं ते फ्लोटमध्ये. मोठ्या विमानांचा नियम असा की दोन्ही फ्लोटनी मिळून विमानाच्या वजनापेक्षा ८० टक्के जास्त वजन तोलून धरलं पाहिजे. आपल्या ३.२ किलोसाठी दोन्ही मिळून ५.८ लिटर पाणी बाजूला सारलं जायला हवं, म्हणजे एका फ्लोटच्या वाट्याला २.९ लिटर. लांबी मॉडेलच्या धडाच्या पंचाहत्तर ते ऐंशी टक्के, सुमारे एक मीटर. फ्लोटचं नाक पंख्याच्या पुढे आलंच पाहिजे. पंखा वर आणि पाण्याचा अडथळा खाली असल्यामुळे थ्रॉटल देताच विमान नाकावर जाऊ बघतं.

फ्लोट उलटा करून तळ पाहा. मध्याच्या थोडं मागे तळ एकदम वर उचललेला दिसतो. ही पायरी. पाणी गुळगुळीत वळणाला चिकटून वाहतं आणि वेग वाढला की तळाला मागून ओढून धरतं. पायरीच्या धारदार कडेशी पाणी सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि ती ओढ तुटते. मग विमान पाण्यात न राहता पाण्यावरून घसरू लागतं. त्याआधी एक क्षण असा येतो की थ्रॉटल पूर्ण असूनही विमान पाणी ढकलत राहतं, वेग धरत नाही. ती अडचण ओलांडली की पुढे सगळं सोपं. म्हणून पायरीची कड घासून गोल होऊ द्यायची नाही. आणि तिची जागा सीजीच्या, म्हणजे गुरुत्वमध्याच्या, जराशीच मागे हवी. फार मागे गेली तर नाक वर उचलता येत नाही. पुढे आली तर विमान मागच्या टाचेवर बसतं.

फ्लोट थर्माकोलचा किंवा त्याहून घट्ट निळ्या-गुलाबी फोमचा, गरम तारेने कापलेला. त्यावर साधा सीए गोंद किंवा पॉलिएस्टर रेझिन लावलं तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो, इपॉक्सीच हवं. वरून पातळ फायबरग्लास कापड. पंखांच्या रिब्ज बाल्साच्या, भार पडतो तिथे लाइट प्लाय. कोडियाकच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या भागात खाली झुकलेली आहे आणि मध्येच तिला खाच आहे. पंख हवा सोडायला लागला तरी टोकाकडचा भाग आणि एलेरॉन काम करत राहावेत, यासाठी ती रचना. आळस करून ती खाच वगळणारे मॉडेलचा सगळ्यात हुशार भाग गमावतात.

इंजिनाऐवजी ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ग्लो इंजिनाच्या धुरातून एरंडेल तेल बाहेर पडतं, आणि ज्या पाण्यावर पिकं उभी राहतात त्यात ते पडू देणं योग्य नाही. रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी उंचावर, पाण्यापासून सुरक्षित बसवावेत. २.४ गिगाहर्ट्झचा संदेश पाण्यातून जात नाही, त्यामुळे रिसीव्हर बुडाला की संपर्क संपला. पहिली तरंगण्याची चाचणी घरच्या हौदात करावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कधीही नको. त्या निसरड्या काठावरून पडलेल्याला वर येता येत नाही. विमान मध्यावर बंद पडलं तर गळाच्या दोरीने ओढावं किंवा होडी न्यावी. विमानासाठी पोहत जायचं नाही, हा नियम पोरांकडून वदवून घ्यावा.

ड्रोन नियम, २०२१नुसार २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात आणि हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. तरी बाकीच्या अटी वाचाव्यात, डिजिटल स्कायच्या नकाशावर जागेचा विभाग पाहावा आणि ग्रामपंचायत व पाटबंधारे खात्याला आधी कळवावं. लोहगावचा विमानतळ केंदूरहून लांब असला तरी ते वायुदलाचं ठाणं आहे, हे विसरू नये.

एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, वायू सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. त्या मुलांसाठी एक काम सुचवतो. भारतीय नौदलाचं पहिलं विमान पाण्यावर उतरणारंच होतं: १९५३मध्ये कोचीला आलेलं शॉर्ट सीलँड. बेलफास्टला बांधलेल्या अवघ्या पंचवीस सीलँडपैकी दहा आपल्या नौदलाने घेतली. त्यातलं एक गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं आहे. प्रमाणबद्ध मॉडेलला तीन बाजूंची रेखाटनं आणि मूळ विमानाचे फोटो लागतात. रेखाटनं शोधावी लागतील, पण मूळ विमान गोव्यात डोळ्यांसमोर आहे. शिरूर, खेड, आंबेगावच्या ज्या शाळेला किंवा कॉलेजला सहलीसाठी गोवा ठरवायचा असेल, त्यांनी बोगमाळोला एक दुपार ठेवावी, टेप आणि कॅमेरा बरोबर न्यावा आणि परत आल्यावर दहाव्या हिश्श्याचं सीलँड कापायला घ्यावं.