गोळी एकच, शरीरे वेगळी

सोलापूरहून पुणे रस्त्याने निघाले की चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे प्लांट असलेली बालाजी अमाइन्स ही कंपनी डीएमए हायड्रोक्लोराइड हे रसायन बनवते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी बनवायला तेच लागते. ही गोळी आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत रोज घेतली जाते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. म्हणून या पानावर आम्ही औषधशास्त्रातल्या एका नव्या गोष्टीची ओळख करून देत आहोत.

ती म्हणजे 'डिजिटल ट्विन', संगणकातले जुळे भावंड. रुग्णाचे वय, वजन, रक्ताचे रिपोर्ट, साखरेच्या नोंदी घालून संगणकात त्याच्या शरीराची नक्कल उभी करतात. नवे रिपोर्ट आले की नक्कलही बदलते. औषध किती द्यावे, त्याचा काय परिणाम होईल, याचा अंदाज आधी तिच्यावर घेतात.

याची गरज काय? मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जाते. मूत्रपिंड थकलेले असेल तर औषध अंगात साठते. त्याची क्षमता दर्शवणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली गेला तर ही गोळी देत नाहीत. म्हणजे शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला घातक ठरू शकते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकातल्या महावग्गात वैद्य जीवकाची कथा आहे. तथागतांना जहाल रेचक देणे त्याला योग्य वाटले नाही. त्याने औषध भावित केलेली कमळे हुंगायला दिली. आधी माणूस पाहिला, मग औषध ठरवले.

पण संगणकाला जी माहिती मिळते, तेवढेच त्याला कळते. भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. अशा अभ्यासांत कष्टकरी वस्त्यांतली माणसे नसतील, तर उद्याचे औषध आपल्या शरीराचे मोजमाप न घेताच ठरेल. तेव्हा संशोधनासाठी कोणी माहिती किंवा रक्त मागितले तर दार लावू नका. पण कशासाठी, कोणासाठी, हे विचारल्याशिवाय सहीही करू नका.

तोपर्यंत आपले जुळे भावंड म्हणजे आपली फाइल. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासावे का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका, दुसऱ्याची घेऊ नका.

जय भीम, नमो बुद्धाय!