मॉनिटरच्या पाठीमागून

डेस्कटॉप संगणकाची रचना चांगली की वाईट यावर पुण्या-मुंबईत वाद घालणारे एक गोष्ट गृहीत धरतात. जो समोर खुर्चीत बसतो, संगणक त्याच्यासाठी असतो. आमच्या धाडला हे कधीच पूर्ण खरं नव्हतं. बुलढाणा जिल्ह्याच्या या टोकाला, जालन्याच्या हद्दीजवळ, गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाशी ज्यांचं काम पडलं त्यातले बहुतेक जण टेबलाच्या पलीकडे उभे होते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, मुलाचा प्रवेश अर्ज, सगळं त्यांचंच. दिसायची मात्र मॉनिटरची पाठ. या रचनेचा मागोवा घ्यायचा तर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा.

खुर्चीतल्या बाजूने पाहिलं तर सुरुवात असेम्बल केलेल्या यंत्रांची. एमकेसीएलची स्थापना 2001 साली झाली आणि पुढच्याच वर्षी तिची एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा आली. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं तशी तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत संगणकाचे क्लासेस उघडले. फुगीर काचेचा मॉनिटर, पोटात गोळी असलेला माउस, की-बोर्डला जांभळी आणि माउसला हिरवी पिन. या रंगांच्या पिनांना मी आजही पूर्ण गुण देतो, कारण इंग्रजी न येणारा पोरगाही मागची वायर बरोबर लावायचा. माउसच्या गोळीला मात्र शून्य. कापसाच्या दिवसांत ती काढून आतल्या चाकांवरचा मळ नखाने खरवडणं हे शिकवणीचं पहिलं प्रात्यक्षिक असे. लाल उजेडाचा माउस आला आणि ते कायमचं संपलं.

खरा शत्रू वीज. 2005 नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसायची. संगणक चालू होईना, नुसताच बीप देऊ लागला, तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसायच्या. हा उपाय कुठल्या पुस्तकात वाचला असं कुणी सांगणार नाही, पण तो लागू पडायचा. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे, थेट 2002 ला. मग सरकारी संकेतस्थळ उघडेना, कारण त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नसायचं. पंधरा-वीस रुपयांच्या सेलपायी पूर्ण दिवसाची रांग परत गेल्याचं पाहिलं आहे.

की-बोर्डाचं भांडण अजून मिटलेलं नाही. टायपिंग क्लासमधून आलेल्यांचा हात टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला. यंत्रावर अक्षर जसं दिसतं तसं उमटवायचं, म्हणून पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. कित्येक अक्षरं तर अर्धी दाबून त्यांना काना जोडायचा. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला इन्स्क्रिप्ट याच्या बरोबर उलट, उच्चाराच्या क्रमाने चालतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ख. माझं मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट ही आपल्याकडे झालेली सर्वांत हुशार रचना आहे. पण वीस वर्षं रेमिंग्टनवर पोट भरलेल्या माणसाला ‘हे शास्त्रशुद्ध आहे’ असं सांगून त्याचा वेग निम्म्यावर आणायचा, हा शहाणपणा कार्यालयात बसूनच सुचतो. नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा, जुन्यांना त्यांच्या हाताने लिहू द्यावं. आणि की-बोर्ड कोणता घ्यावा याबद्दल अर्जनवीस आणि डीटीपीवाले यांचं एकमत होतं: टीव्हीएस गोल्ड. खटखट आवाज करणारा, जड, धुळीला दाद न देणारा. नंतर आलेल्या चपट्या, देखण्या की-बोर्डांवरची अक्षरं वर्षभरात पुसली जायची.

अक्षरांचीही तीच तऱ्हा. सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या काळात संगणकात बसवून देवनागरी उमटवत असे. मग श्री-लिपी, शिवाजी असे फॉन्ट आले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की तिचा पाला व्हायचा, म्हणून फ्लॉपीत फाइलसोबत फॉन्टही न्यायचा. विंडोज 2000 मध्ये युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट आला. एक्सपीतही तो होता, पण जटिल लिपीच्या चौकटीत खूण स्वतः करावी लागे, आणि वर यंत्र मूळ सीडी मागे. धाडला मूळ सीडी कुणाकडे असणार? व्हिस्टापासून ही कटकट गेली, त्याची कुठे जाहिरात झाली नाही, पण मराठी माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा बदल होता. लग्नपत्रिका छापणारे अजून श्री-लिपी सोडत नाहीत, कारण त्यांचं पेजमेकर युनिकोड जाणतच नाही.

दिसण्यासाठी केलेले बदल मात्र आमच्या कामाचे निघाले नाहीत. मॉनिटर आडवे पसरले. सिनेमाला छान, पण ए-फोर कागद उभा असतो, अर्ज उभा असतो. 2012 साली विंडोज 8 ने स्टार्ट बटणच काढून टाकलं, वर्षभरात गुपचूप परत आणलं. विंडोज 11 ने ते मध्यभागी नेऊन ठेवलं. आता 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि अकरावी आवृत्ती कितीतरी चालत्या-बोलत्या संगणकांना नाकारते. न बिघडलेलं यंत्र भंगारात काढायला सांगणाऱ्या रचनेला मी चांगली म्हणणार नाही.

आता टेबलाची दुसरी बाजू. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा सुविधा केंद्रांपुढे रांगा लागल्या. शेतकरी आधार, पासबुक, सातबारा पुढे सरकवतो आणि म्हणतो, “नाव बराबर टाकजा भाऊ.” आधारवर एक, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, एका काना-मात्रेवर अर्ज अडकतो. तो भाऊ काय टाकतो हे मात्र त्याला दिसत नाही. संगणकाचा एकच भाग त्याच्या बाजूला येतो, अंगठ्याचं यंत्र. निंदण करून, कापूस वेचून झिजलेला अंगठा त्यावर उमटत नाही, मग तो पँटीला पुसून पुन्हा, पुन्हा. कशावर अंगठा दिला हे पडद्यावर असतं आणि पडदा पलीकडे तोंड करून असतो. अर्जाची प्रत हातात पडते तोवर तो दाखल झालेला असतो.

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर प्रवाशाकडे तोंड केलेला छोटा पडदा कित्येक ठिकाणी आहे. तेवढंच इथे हवं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉपना मॉनिटर जोडायच्या दोन जागा असतात. जुना पंधरा इंची मॉनिटर प्रत्येक केंद्राच्या माळ्यावर पडून असतो. तो खाली उतरवा, ग्राहकाकडे वळवा, विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. केंद्रचालकांनो, येत्या खरिपाच्या आधी एवढं करा. आणि रांगेतल्यांनो, पडदा वळवलेला नसेल तर अंगठा देण्याआधी तो वळवायला सांगा.