तालमीला मुली किती?

हौशी रंगभूमीवरचा माणूस नाटकाचं नवं पुस्तक हातात घेतो तेव्हा कथानकाआधी पात्रांची यादी पाहतो. पुरुष पाच, स्त्रिया दोन. स्त्रिया दोनाच्या चार झाल्या की पुस्तक पुन्हा कपाटात जातं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या सांभाळून कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेला नाटक बसवणारे असोत की राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर उतरणारे शहरातले संघ असोत, लेखकाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : बायकांची कामं किती आहेत? या प्रश्नाने मराठीत एक अख्खा प्रकार जन्माला घातला. 'स्त्रीपात्रविरहित' अशी ठळक अक्षरं मिरवणाऱ्या एकांकिकांची पुस्तकं निघाली आणि खपलीही. महिला मंडळांसाठी, मुलींच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी 'पुरुषपात्रविरहित' नाटिका निघाल्या, त्यांना मात्र कुणी गंभीर नाटक म्हटलं नाही.

मराठी नाटकातल्या बाईबद्दल बोलताना आपण विचारांची, चळवळींची भाषा लगेच काढतो. ती हवीच. पण बाईची भूमिका किती मोठी लिहायची हे बऱ्याचदा संध्याकाळी तालमीला कोण येऊ शकतं यावर ठरत आलं आहे. याचा सगळ्यात ठळक पुरावा याच शहरात, पूर्वीच्या औरंगाबादेत, सापडतो.

आधी थोडं मागे जाऊ. चिकलठाण्याहून पैठण काही फार लांब नाही. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात जी भारुडं रचली त्यांतली कितीतरी बाईच्या तोंडी आहेत. सासरच्या एकेकाला दूर कर म्हणून भवानीला साकडं घालणारी सून आजही गावोगाव हशा पिकवते. अर्थ आध्यात्मिक असला तरी बोली आणि वैताग अस्सल बाईचा आहे. फक्त ती उभी राहिली पुरुषाच्या अंगावर, डोक्यावरून पदर घेऊन. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारखी स्त्री भारूड गाते तेव्हा त्याच शब्दांची चव बदलते, कारण तो वैताग तेव्हा नक्कल राहत नाही.

संगीत नाटकातही तेच. १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधली सिंधू बालगंधर्वांनी केली आणि ती अजरामर झाली. भूमिका म्हणून सिंधू प्रचंड आहे, पण तिच्या हातात निर्णय एकच उरतो : सोसत राहायचं. लेखकांपुढे स्त्रीपार्टी नट होता, आणि त्या नटाचं सामर्थ्य गाण्यात, लाघवात, करुणेत होतं. लेखकाने ते पुरेपूर वापरलं. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे बिंबा म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची वाट रुळू लागली. नॉर्वेच्या ब्योर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते बेतलं होतं. त्यातली मुलगी लग्नाआधी पुरुषाच्याही चारित्र्याचा हिशेब मागते. बाई रंगमंचावर आली आणि तिला विचारायला प्रश्नही मिळाला, हे दोन्ही एकाच नाटकात घडलं, याला मी योगायोग मानत नाही.

बायकांनी लिहिलेली नाटकं त्याच्याही आधीची आहेत. हिराबाई पेडणेकरांचं 'दामिनी' १९१२ चं. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला उत्तर म्हणून गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहिलं, आणि १९२८ च्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं. नाटकाच्या इतिहासात या दोघींना बहुतेक वेळा 'पहिल्या' म्हणून नमस्कार करून पुढे जायची पद्धत आहे. त्यांची नाटकं कुणी बसवत नाही.

आता आपल्या गावाकडे. सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले कमलाकर सोनटक्के त्याचे प्रमुख. नाटक हा शिकायचा, पदवी घ्यायचा विषय असतो हे शहराला कळलं. ज्या घरांत 'नाटकाला जाते' म्हणायची सोय नव्हती तिथे 'विभागात तास आहे' म्हणायची सोय झाली. हा बदल वरून किरकोळ दिसतो, पण मुलींच्या दृष्टीने तोच मोठा.

याच शहराने दिलेला सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र एकट्या पुरुषाचा आहे. लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं एकट्याने उभी केली. त्यांत गावातल्या बायका आहेत आणि लंडनची सूनही आहे. मराठवाडी बोलीतली बाई महाराष्ट्रभर, परदेशातही पोचली, ती एका प्राध्यापकाच्या गळ्यातून आणि उपरण्यातून. कलावंत थोर, याबद्दल दुमत नाही. पण मराठवाड्याची बाई नाट्यगृहात इतकी हसली-बोलली आणि रंगमंचावर बाई एकही नव्हती, हेही तितकंच खरं.

याउलट वाट 'जिगीषा'ने धरली. ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत जमलेल्या या तरुण मंडळींत दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी होते, लेखक प्रशांत दळवी आणि अजित दळवी होते, आणि प्रतीक्षा लोणकर होती. लेखकाच्या डोळ्यांसमोर रोज तालमीला येणारी, वाद घालणारी अभिनेत्री असेल तर तो तिला चहाचा ट्रे आत-बाहेर नेण्याचं काम लिहून देऊ शकत नाही. निदान फार काळ नाही.

ही मंडळी पुढे मुंबईला गेली आणि १९९१ साली प्रशांत दळवींचं 'चारचौघी' व्यावसायिक रंगभूमीवर आलं. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर. एक आई, तीन मुली. आईने विवाहित पुरुषाशी असलेल्या नात्यातून झालेल्या मुली स्वतःच्या हिमतीवर वाढवल्या आहेत. थोरल्या विद्याच्या नवऱ्याचं दुसरीकडे प्रकरण आहे. मधल्या वैजूचा नवरा कर्तृत्वात कमी पडतो. धाकट्या विनीला दोन पुरुष आवडतात आणि दोघांपैकी एक का निवडायचा हे तिला कळत नाही. नुसतं कथानक सांगितलं तर आजही काही घरांत जेवणाची ताटं थांबतील.

या नाटकाची खरी कारागिरी विद्याच्या फोनच्या प्रवेशात आहे. रंगमंचावर ती एकटी, हातात रिसीव्हर, पलीकडे नवरा. तो काय बोलतो हे आपल्याला तिच्या उत्तरांवरून, तिच्या थांबण्यावरून कळतं. प्रवेश लांबच लांब चालतो आणि प्रेक्षक जागचा हलत नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या लीला बेणारेचं शेवटचं स्वगत शेजारी ठेवून पाहा. बेणारे बोलते तेव्हा तिच्या भोवतीचं कोर्ट जणू गोठलेलं असतं. ती जिवाच्या आकांताने बोलते आणि ऐकणारं कुणीच नसतं. १९६७ साली सुलभा देशपांड्यांनी ते स्वगत उभं केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांड्यांच्या आग्रहापायी तेंडुलकरांनी ते लिहिलं, अशी हकीकत सांगितली जाते. विद्याच्या बाबतीत ऐकणारा माणूस आहे, त्याला ऐकावंच लागतं, फक्त लेखकाने त्याला आवाज दिलेला नाही. बेणारेचं बोलणं वाऱ्यावर जातं, विद्याचं मुक्कामी पोचतं. मधल्या चोवीस वर्षांत मराठी नाटक किती पुढे सरकलं हे मला कुठल्याही समीक्षाग्रंथापेक्षा या दोन प्रवेशांतून जास्त कळतं.

दुसरं असं की या चौघींना चुकायची मुभा आहे. 'कणखर स्त्री' लिहायची म्हणून बसलेला लेखक बहुधा पुतळा घडवतो : तिचं प्रत्येक वाक्य बरोबर, प्रत्येक निर्णय योग्य. अशी भूमिका करणाऱ्या नटीला पाचव्या प्रयोगाला कंटाळा येतो. 'चारचौघी'त आईचे निर्णयही मुलींच्या कसोटीला लागतात आणि विनीचा हट्ट कुणाच्याच गळी धड उतरत नाही. दळवींच्याच 'ध्यानीमनी'मधली शालिनी तर मनाने जन्माला घातलेल्या मुलावर जगते. नीना कुलकर्णींनी ती केली. शालिनीला कुठल्याच अर्थाने सबळ म्हणता येत नाही, पण भूमिका म्हणून ती डोंगराएवढी आहे. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी'त बापलेकांच्या झगड्यात दोन्हीकडून चिरडली जाणारी कस्तुरबा आहे. लिहिणाऱ्यांनी या तिन्ही नाटकांकडे पुन्हा पाहावं.

काळाचं भान ठेवून वाचलं तर 'चारचौघी' अधिक धारदार वाटतं. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्यानंतर आई. त्या 'नंतर'चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने मोकळा केला तो १९९९ मध्ये. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ चं. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा. म्हणजे नवरा सोडला तर लेकरू कुणाचं, हे विद्याने विचारलं तेव्हा कायद्याकडेही सरळ उत्तर नव्हतं. २०२२ साली चंद्रकांत कुलकर्णींनीच 'चारचौघी' नव्या संचात आणलं : रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. हातात रिसीव्हर जुन्या तारेच्या फोनचाच. मधल्या काळात इतके कायदे बदलले, आणि तरी नाट्यगृहं भरली.

एक तक्रार मात्र उरते. या चौघी शहरी, शिकलेल्या, प्रमाण मराठी बोलणाऱ्या. लेखक-दिग्दर्शक इथले, बाई इथली नाही. दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'त दलित चळवळीतल्या तीन पिढ्यांचा वाद आहे, आणि हेमा ही ब्राह्मण घरातून आलेली सून त्या घरात आहे. पण वादाचा मुख्य भार पुरुषांवर. राजकुमार तांगडे या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या लेखकाचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' महाराष्ट्रभर गाजलं, तेही मुख्यतः पुरुषांचं नाटक. ऊसतोडीला कोयता घेऊन जाणारी, चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी करून शेअर रिक्षाने घर गाठणारी, जालना रस्त्यावर भाजी विकणारी बाई आपल्या बोलीत, दोन अंक पेलणारी नायिका म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर मला दिसत नाही. तिच्या जवळ कुणी पोचलं असेल तर ते नाट्यगृहाबाहेरचे प्रयोग. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून वस्त्यांत, चौकांत झालं. सुषमा देशपांड्यांची 'व्हय मी सावित्रीबाई' १९८९ पासून एका बाईच्या बळावर गावोगाव गेली. नेपथ्याचा ट्रक लागत नाही, सहकलाकार शोधावे लागत नाहीत. एकपात्री हा इथे हौसेचा भाग कमी आणि अडचणीवरचा उपाय जास्त होता.

आणि ही अडचण अजून सुटलेली नाही. तालमी रात्री आठनंतर सुरू होतात, कारण पुरुषांची कामं तेव्हा संपतात. अकराला सुटतात. शहरातून चिकलठाण्याकडे परतणाऱ्या मुलीला तेव्हा रिक्षा मिळवणं हाच एक प्रवेश असतो. लग्न ठरलं की भूमिका सुटते. मग दिग्दर्शक लेखकाला फोन करतो : बहिणीचं पात्र काढता येईल का? लेखक काढतो. असं काढता काढता आपलं नाटक पुरुषांच्या गप्पांचं झालं.

म्हणून येत्या स्पर्धेला उतरणाऱ्या संघांना एवढंच सांगणं आहे. संहिता मागवण्याआधी तालमीची वेळ संध्याकाळी साडेपाचवर आणा, मुलींना घरी सोडायच्या गाडीचा खर्च नेपथ्याच्याही आधी अंदाजपत्रकात लिहा, आणि लेखकाला तालमीत बसवून त्या मुलींना बोलताना ऐकू द्या. एवढं झालं की 'स्त्रिया चार' असलेलं पुस्तक कपाटातून काढा. ते सापडलं नाही तर त्या चौघींपैकीच एकीला लिहायला बसवा.