विद्यार्थी कृतीचा रकाना

सकाळी ६.१५
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातला छात्रसेवाकाल सोळा आठवड्यांचा; आजपासून माझा नववा. पाठ टाचणात दोन रकाने असतात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. पहिला भरताना हात दुखतो. दुसऱ्यात मी सवयीने लिहून टाकते, 'विद्यार्थी लक्षपूर्वक पाहतात.' टाचणातले विद्यार्थी फार गुणी!

१०.३०
परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार. माझं लक्ष मात्र पिशवीतल्या प्रोजेक्टरच्या वायरीवर.

११.५०
सातवी ब. विज्ञान, उष्णतेचं अभिसरण. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, दीक्षा ॲप उघडलं आणि पडद्यावर चक्र फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. मी पाठमोरी, फोनशी झटापट करत. मागच्या बाकावरून कागदी विमान सुटलं, कंपासपेट्या वाजू लागल्या. "शांत बसा!" तीन श्वास शांतता, मग दुप्पट गोंगाट. एवढ्यात पडद्यावर आईचा मेसेज झळकला, 'डबा विसरलीस.' सगळा वर्ग हसला. चिडून मी एकाला म्हटलं, "बाहेर उभा करीन हं!"

१२.३०
शिक्षक खोली. मार्गदर्शक बाईंनी निरीक्षणवही पुढे सरकवली. "अगं, व्हिडिओ सुरू होईपर्यंत मुलांनी काय करायचं होतं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
"मग त्यांनी आपलं काम आपण शोधलं. आणि 'बाहेर उभा करीन' हे बोलायचंसुद्धा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम वाच. छडी तर बंद आहेच, मानसिक त्रासही बंद."
कॉलेजात जेकब कूनिन वाचला होता. १९७० च्या पुस्तकात त्याने मांडलं होतं की, बेशिस्त झाल्यावर शिक्षक काय करतो यावरून चांगला वर्ग ओळखता येत नाही. ती होण्याआधी वर्ग कसा चालवला जातो, त्यावरून ओळखता येतो. परीक्षेत त्यावर चांगले गुणही पडले होते.

१.१५
मधली सुट्टी. खिचडीच्या रांगेत तीच सातवी ब. इथे कुणी ओरडत नाही, तरी रांग मोडत नाही. प्रत्येकाच्या हातात ताट आहे आणि आपल्यानंतर कोण हे प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या तासाला यांच्या हातात काय होतं?

१.३०
कार्यालयाजवळ रेंज येते. व्हिडिओ डाउनलोड केला.

२.४०
सातवी अ, तोच पाठ. फोन विमान मोडवर. दार उघडं ठेवलं, म्हणजे चेहरे दिसतील. पडदा लावण्याआधी फळ्यावर चंचुपात्र काढलं. "तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा आहे, खालून आच लावली आहे. जांभळा रंग कुठून कुठे जाईल? वहीत बाण काढा." पेन्सिली चालू लागल्या. मी वर्गाच्या मागे जाऊन उभी राहिले. चाळिसाव्या सेकंदाला व्हिडिओ थांबवून विचारलं, "रंग खाली का वळला?"
उत्तर स्वतःच देऊन टाकायची माझी जुनी खोड. मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत आणि बोलणारी मुलंही वाढत. मनात एक, दोन, तीन मोजलं. तिसऱ्या रांगेतली, आजवर न बोललेली मुलगी म्हणाली, "वर जाऊन गार झालं, म्हणून जड झालं."
खिडकीजवळचे दोघे तरीही पट्टीने तलवारबाजी करत होते. जवळ गेले, त्यांच्या वहीतल्या कोऱ्या चंचुपात्रावर बोट ठेवलं. काही बोलले नाही. एकाने बाण काढला. दुसऱ्याने पट्टी खाली ठेवली, एवढंच.

रात्री ९.००
उद्या सातवी ब, हाच पाठ पुन्हा. 'लक्षपूर्वक पाहतात' खोडलं. त्या रकान्यात लिहिलं: 'अंदाजाचा बाण काढतात. व्हिडिओ थांबल्यावर बाण तपासतात. चुकला असेल तर का चुकला, ते शेजाऱ्याला सांगतात.' आज पहिल्यांदाच हा रकाना शिक्षक कृतीपेक्षा लांब झाला.