सोयरीक, स्वयंपाक आणि संमती

१८५७च्या उठावानंतर उत्तर भारतातील अनेक मोमीन विणकर खानदेशाच्या वाटेने आले आणि धुळे-मालेगाव परिसरात स्थिरावले. पिढ्या उलटल्या, तरी सोयरीक बहुधा बिरादरीतच जुळते. सून पाहताना तिच्या हाताच्या चवीचीही चौकशी होते. मुलाला साधा चहा तरी करता येतो का, हे सहसा कोणी विचारत नाही! मुलीचे मन अन्यत्र जडले असेल, तर पेच उभा राहतो. वास्तविक, निकाह हा करार असून वधूच्या संमतीविना तो होत नाही. हनफी परंपरेत तर सज्ञान मुलगी आपला विवाह स्वतः ठरवू शकते. मात्र त्याच परंपरेत कुमारिकेचे मौनही होकार धरले जाते. घरच्यांच्या धाकाने आलेले मौन काझींना वेगळे कसे कळावे?